भंगार व जुन्या वस्तूंच्या पहिल्याच खेपेत तोटा आला, हिशेब कुठे चुकला?

कोरडवाहू कास्तकार (दारव्हा तालुका, यवतमाळ)

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे साडेचार एकर कोरडवाहू वावर आहे. कापूस आणि तूर विकून झाल्यावर उन्हाळ्यापर्यंत हातात काही उरत नाही. म्हणून आठवड्यातले दोन दिवस आणि जवळचे २० हजार रुपये लावून आसपासच्या पाच-सहा गावांतून भंगार व जुन्या वस्तू विकत घ्यायच्या आणि तालुक्याला नेऊन विकायच्या, असे मी ठरवले. काम लहान असले तरी ते नीट समजून करावे, अशी माझी इच्छा आहे.

गेल्या महिन्यात पहिली खेप केली. एकूण २१० किलो लोखंड सरसकट २४ रुपये किलोने घेतले. त्यात वखराच्या झिजलेल्या पासा (लोखंडी पाती), बंडीच्या चाकाच्या दोन धावा (चाकावरचे लोखंडी पट्टे), जुन्या ऑइल इंजिनाचे फुटके भाग, ट्रकच्या कमानीचे (स्प्रिंगचे) पाटे, गंजलेल्या कुलरचे पत्रे आणि तेलाचे रिकामे पिपे असा सगळा मिसळलेला माल होता. व्यापाऱ्याने मातीपोटी ८ किलो कटती धरली आणि उरलेल्या २०२ किलोंना २६ रुपयांचा एकच भाव दिला. हाती ५,२५२ रुपये आले. खरेदीचे ५,०४० आणि मालवाहू ऑटोचे ७०० रुपये वजा केले, तर ४८८ रुपये पदरचे गेले आणि दोन दिवसांची रोजीही बुडाली.

यात माझे नेमके काय चुकले, हे जाणकारांनी सांगावे. लोखंडाशिवाय आपल्या भागात कोणत्या वस्तूंना चांगली मागणी असते आणि चोरीचा माल नकळत आपल्याकडे येऊ नये म्हणून काय काळजी घ्यावी, हेही मला जाणून घ्यायचे आहे. आमच्या बाबांना हे काम पसंत नाही. आपल्या घरात कबाड्याचा धंदा आजवर कोणी केला नाही, असे ते म्हणतात. त्यांना काय उत्तर द्यावे, तेही कोणी अनुभवातून सांगितले तर बरे होईल.

काट्यावरची वीस वर्षे (हिंगणघाट)

भाऊ, तुम्ही हिशेब पूर्ण मांडला, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. तुमचा खरेदीचा भाव फार चुकलेला नाही. चूक ही झाली की तुम्ही पाच प्रकारचा माल एका भावाने घेतला आणि एकाच ढिगात विकला. मिसळलेला ढीग समोर आला की व्यापारी त्यातल्या हलक्या मालाकडे पाहूनच भाव ठरवतो, आणि त्याच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही तसेच केले असते.

तुम्ही सांगितलेल्या मालाचा मी अंदाजाने हिशेब करून पाहतो. समजा, २०२ किलोंमध्ये पासा आणि इतर जाड लोखंड ६० किलो, इंजिनाचे बीड (ओतीव लोखंड) ४० किलो, कमानीचे पाटे २५ किलो आणि पत्रा ७७ किलो होता. आमच्याकडच्या सध्याच्या भावाने जाड लोखंडाचे ३१ रुपयांप्रमाणे १,८६०, बिडाचे ३४ रुपयांप्रमाणे १,३६० आणि पत्र्याचे २२ रुपयांप्रमाणे १,६९४ रुपये होतात. पाटे मात्र भंगारात घालायचेच नसतात. त्यांचे पोलाद जास्त कर्बाचे असते, तापवून पाणी दिल्यावर त्याची धार टिकते, त्यामुळे विळे, कुऱ्हाडी आणि सत्तूर करणारा लोहार ते आनंदाने घेतो. त्याने ५० रुपये किलो दिले तरी १,२५० रुपये येतात. ही बेरीज ६,१६४ रुपये होते, म्हणजे त्याच मालात, त्याच खरेदी-भावात आणि त्याच भाड्यात ४२४ रुपये शिल्लक राहिले असते. शिवाय पत्रा तुम्ही २४ ऐवजी १६ रुपयांनी घेतला असता, तर आणखी ६१६ रुपये वाचले असते. पत्र्याला कमी भाव देण्यात लबाडी नाही. फक्त तो कमी का आहे, हे विकणाऱ्याला तिथेच समजावून सांगावे.

बंडीच्या धावा तुम्ही लोखंडाच्या भावात दिल्या, याचे मला फार वाईट वाटले. आपल्याकडे लाकडी चाकांच्या बंड्या कमी झाल्या असल्या तरी ज्यांच्याकडे आहेत त्यांना चांगली धाव शोधूनही सापडत नाही. सुताराला किंवा लोहाराला आधी विचारले असते, तर ती धाव म्हणूनच विकली गेली असती. या धंद्यात मी एवढे एकच मनापासून शिकलो की जी वस्तू अजून वस्तू म्हणून कोणाच्या तरी कामी येऊ शकते, तिला काट्यावर चढवण्याची घाई करू नये. गावोगाव फिरताना खरेदीबरोबर चौकशीही करत जा. कोणाला वखराची पास हवी आहे, कोणाचा पाण्याच्या टाकीचा स्टँड मोडला आहे, कोणाला गोठ्यासाठी जुने टिन पाहिजेत, याची नोंद तुमच्या वहीत असेल, तर अर्धा माल तालुक्याला न्यावाच लागणार नाही.

वजनाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तुमचे नाव गावात त्यावरच टिकणार आहे. इलेक्ट्रॉनिक काटा घ्या आणि वैधमापनशास्त्र विभागाकडून दरवर्षी त्याची पडताळणी करून शिक्का मारून घ्या. खरेदी-विक्रीसाठी काटा वापरायचा तर हे कायद्यानेच बंधनकारक आहे. वजन करताना काट्याचा आकडा विकणाऱ्याच्या तोंडासमोर असावा. आमच्याकडे एक फेरीवाला होता. तो भाव इतरांपेक्षा २ रुपये जास्त सांगायचा आणि वजनात काढून घ्यायचा. एका म्हातारीने त्याला दिलेला माल आधीच घरच्या तराजूवर तोलून ठेवला होता. त्यानंतर त्या गावात त्याला कोणी दारात उभे केले नाही, आणि पुढची दोन वर्षे आम्हा सगळ्यांकडेच लोक संशयाने पाहत राहिले.

७०० रुपये भाडे २०० किलोंच्या मालाला परवडत नाही. वाड्यात किंवा गोठ्याच्या कडेला जागा असेल तर प्रकारवार ढीग लावा आणि निदान ६००-७०० किलो झाल्याशिवाय ऑटो बोलावू नका. माल वाळवून, माती झटकून न्या, म्हणजे कटतीला निमित्त उरत नाही.

जीएसटीचीही एक गोष्ट सांगतो. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या माणसाकडून नोंदणीकृत व्यापाऱ्याने धातूचे भंगार घेतले, तर त्यावरचा कर सरकारकडे भरण्याची जबाबदारी घेणाऱ्या व्यापाऱ्याची असते. मालाच्या व्यवसायात वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असणाऱ्याला सहसा नोंदणी करावी लागत नाही. त्यामुळे ठरलेल्या भावातून तुमच्या नावाने जीएसटी कापतो असे कोणी म्हणाले, तर माल खाली उतरवण्याआधीच ते स्पष्ट करून घ्या.

मोटार वाइंडिंगवाला (अकोट)

वरच्या दादांचे म्हणणे मला पूर्ण पटते. त्यात माझ्या कामातली भर घालतो. तुम्ही कुलरचे पत्रे भंगारात दिल्याचे लिहिले आहे. त्या कुलरच्या मोटारी कुठे गेल्या, हे तुम्ही लिहिलेले नाही. आपल्या भागात ४५ अंशांचा उन्हाळा असतो आणि गरिबाच्या घरीही कुलर लागतोच, त्यामुळे जुन्या कुलरइतका खात्रीचा माल मला दुसरा माहीत नाही. मात्र त्याची खरेदी आणि विक्री यांत आठ महिन्यांचे अंतर ठेवावे लागते. पहिला पाऊस पडला की जून-जुलैत लोकांना तो घरात अडगळ वाटतो, आणि मार्च लागला की तेच लोक तो शोधत फिरतात.

मागच्या जुलैत मी एक पत्र्याचा कुलर ६०० रुपयांना घेतला. मोटार भरायला (तिची तार नव्याने गुंडाळायला) ४५०, पाण्याच्या नव्या पंपाला २५०, वाळ्याच्या ताट्यांना २०० आणि टाकीच्या आतून डांबरी रंग देऊन बाहेरून रंगवायला १५० रुपये लागले. हे १,६५० रुपये झाले आणि मार्चमध्ये तो २,४०० रुपयांना गेला. मोटार भरण्याचे काम मी स्वतः करतो, म्हणून मला याहून थोडे अधिक सुटते. तुम्हाला ते काम एखाद्या वाइंडिंगवाल्याकडून करून घ्यावे लागेल. पण तो हिवाळ्यात रिकामा असतो आणि पाच-सहा मोटारी एकदम दिल्या तर कमी पैशांतही करून देतो. टाकीचा तळ पूर्ण सडलेला असेल, तर मात्र कुलर घेऊ नका. मोटार, पंखा आणि जाळी वेगळी काढून घ्या.

कुलर विकताना एका बाबतीत तडजोड करू नका. ओला पत्रा, ओली फरशी आणि अनवाणी पाय यांमुळे विदर्भात दर उन्हाळ्यात कुलरचा झटका बसून माणसे दगावल्याच्या बातम्या येतात, आणि त्यांत पाणी भरणाऱ्या बाया आणि लहान मुले असतात. तीन पिनांचा प्लग, कुलरच्या पत्र्याला घट्ट जोडलेली अर्थिंगची तार आणि कुठेही न सोललेली वायर एवढे स्वतः तपासल्याशिवाय कुलर कोणाच्या घरी पाठवू नका. घेणाऱ्याच्या घरी अर्थिंग नसेल तर ते त्याला तोंडावर सांगा. पाणी भरताना प्लग काढून ठेवायला सांगा.

जळालेल्या मोटारी घेताना तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम ओळखता आले पाहिजे. स्वस्त मोटारींत अ‍ॅल्युमिनियमची तार असते, पण वरच्या रोगणामुळे ती तांब्यासारखीच लाल दिसते. चाकूच्या टोकाने खरवडून पाहा, आत पांढरी निघाली तर अ‍ॅल्युमिनियम समजावे. तांब्याचा भाव लोखंडाच्या वीस पटींहून अधिक असल्यामुळे इथे एक चूक झाली तर महिन्याची कमाई जाते. पितळेच्या बाबतीत खिशातले चुंबक कामी येते; तोटीला किंवा कडीला ते चिकटले तर आत लोखंड आहे आणि वर फक्त मुलामा आहे.

वायर जाळून तांबे काढू नका. त्या प्लास्टिकचा धूर विषारी असतो आणि जळके तांबे काळे पडून कमी भावात जाते. सोलून काढलेली लखलखीत तार नेली तर व्यापारी कुरकुर करत नाही. रात्री घरी बसून सोलण्याचे काम आहे, वेळ लागतो, पण त्या वेळेचा मोबदला मिळतो. ट्रॅक्टरची जुनी बॅटरीही फोडू नये. आतले आम्ल अंगावर उडते आणि शिसे मातीत मिसळते, त्याचा सर्वांत जास्त त्रास लहान मुलांना होतो. बॅटरी जशीच्या तशी नव्या बॅटरीच्या दुकानदाराला द्यावी, तो ती घेतो.

बचत गट सचिव (मोर्शी तालुका, अमरावती)

भाऊ, आमचा अकरा जणींचा गट आहे आणि आम्ही लोखंडात पडलो नाही, कारण ते उचलायला जड पडते. आम्ही बारदाना आणि रद्दी यांत काम करतो, म्हणून तेवढ्यापुरतेच सांगते.

बारदान्याचा काळ सोयाबीन निघताना आणि नंतर तूर निघताना असतो. किराणा दुकाने, हॉटेले आणि ढेप विकणाऱ्यांकडून आम्ही उन्हाळ्यात रिकामी पोती घेतो, झटकून उन्हात घालतो, फाटकी शिवतो आणि दसऱ्याच्या सुमारास कास्तकारांना विकतो. तागाची पोती, साखरेचे कट्टे आणि खताच्या थैल्या आम्ही वेगवेगळ्या ठेवतो. खताची किंवा बीजप्रक्रिया केलेल्या बियाण्यांची थैली धान्यासाठी आम्ही कधीच देत नाही. ती माती, वाळू किंवा शेणखत भरायला देतो आणि देताना तसे सांगतो. युरियाची थैली आता ४५ किलोंची असते, तरीही कोणी तीत ५० किलोंचा अंदाज धरून सोयाबीन भरले की बाजारात घोळ होतो, हेही लोकांना सांगावे लागते.

रद्दीचा हंगाम शाळांच्या परीक्षा संपल्यावर येतो. वह्या, वर्तमानपत्रे आणि पुठ्ठा हे तिन्ही वेगळे विकले जातात. आमच्याकडे संत्र्याचा आंबिया बहार दिवाळीच्या मागेपुढे निघतो, तेव्हा पेट्यांत घालायला कागद लागतो आणि चांगल्या स्थितीतल्या जुन्या क्रेटनाही मागणी असते. तुमच्या भागात संत्रा नसेल, तर हे तुम्हाला लागू पडणार नाही. भजी-समोसे बांधायला मात्र रद्दी देऊ नये. अन्न वर्तमानपत्रात बांधण्यास २०१८ च्या नियमांनी मनाई आहे आणि ती शाई पोटात जाणे वाईटच आहे. पावसाळ्यात पुठ्ठा भिजला की त्याला कोणी विचारत नाही, म्हणून मृग लागण्याआधी साठा मोकळा करून टाका.

आता एक गोष्ट जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मे-जूनमध्ये बियाणे आणि खतासाठी पैसे लागतात, आणि तेव्हा घराघरांतून तांब्या-पितळेची भांडी बाहेर निघतात. मागच्या वर्षी एका बाईने सासूचे पितळी गुंड आणि दोन गंज आणून ठेवले आणि म्हणाली, पैसे द्या, दिवाळीला सोडवून नेईन. आम्हाला तिची अडचण कळत होती, तरीही आम्ही तसे केले नाही. वस्तू ठेवून घेऊन पैसे देणे म्हणजे सावकारीच होते आणि परवान्याशिवाय सावकारी करणे २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याने गुन्हा आहे. आम्ही तिला गटाची सभासद करून घेतले आणि पुढे तिला गटातूनच कर्ज मिळाले. तुमच्याही दारात अशी माणसे येतील. भांडे विकत घ्यायचे असेल तर पुरता भाव देऊन घ्या, पण गहाण कधीही ठेवून घेऊ नका. आणि कोणाचेही चांगले, न फुटलेले गुंड मोडीच्या भावात घेण्याआधी, त्याला भांडे म्हणून अधिक किंमत येईल, हे त्या घरच्या बाईला सांगा.

तुमच्या बाबांविषयी लिहिते. माझ्या सासऱ्यांचाही असाच विरोध होता. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. दर शनिवारी गटाच्या हिशेबाची वही त्यांच्याकडून तपासून घ्यायला लागले, कारण त्यांचा हिशेब पक्का होता. दुसऱ्या हंगामापासून ते स्वतःच पोती मोजायला येऊन बसू लागले.

निवृत्त वायरमन (आर्वी, वर्धा)

चोरीच्या मालाबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. माझी सारी नोकरी खेड्यांतल्या लाइनवर गेली. विहिरीवरची केबल रात्रीतून कापून नेली की त्या कास्तकाराचा हरभरा पाण्याविना वाळतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. ती केबल शेवटी कोणीतरी विकत घेतो म्हणूनच कापली जाते. त्यामुळे तुकडे केलेली किंवा जाळलेली केबल, विजेच्या खांबावरची अ‍ॅल्युमिनियमची तार, रोहित्राचे कोणतेही भाग आणि रेल्वेचे लोखंड कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. विजेच्या तारांची चोरी आणि तो माल घेणे यांसाठी २००३ च्या विद्युत अधिनियमात कलम १३६ आणि १३७ आहेत. रेल्वेच्या मालासाठी १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि चोरीचा माल अप्रामाणिकपणे घेण्याबद्दल भारतीय न्याय संहितेत कलम ३१७ आहे.

प्रत्येक खरेदीची नोंद वहीत करा. विकणाऱ्याचे नाव, गाव, वस्तू, वजन, रक्कम आणि सही एवढे त्यात असावे. मोटार, केबल किंवा पंप असेल तर ती कोणत्या विहिरीवरची, हे विचारून लिहा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. लहान मुलांकडून काहीही घेऊ नका. मूल तांब्याची तार घेऊन आले, तर त्याच्या घरी जाऊन विचारा.

कीटकनाशकांचे रिकामे डबे हाही एक विषय आहे. प्लास्टिक चांगले असते, म्हणून लोक ते मागतात, आणि काही घरांत त्यांतून पाणी किंवा तेल भरले जाते. २०१७ मध्ये तुमच्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने कितीतरी शेतकरी आणि शेतमजूर गेले, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. वापरलेली वेष्टने पुन्हा वापरली जाऊ नयेत म्हणून नष्ट करावीत, असे १९७१ च्या कीटकनाशक नियमांतच म्हटले आहे. डबा तीन वेळा विसळून ते पाणी फवाऱ्यातच ओतावे आणि डब्याला भोके पाडावीत, असे कास्तकारांना सांगा. स्वतः तो माल घेऊ नका.

कोरडवाहू कास्तकार (दारव्हा तालुका, यवतमाळ)

सर्वांचे मनापासून आभार. कुलरच्या मोटारींचे उत्तर द्यायचे राहिले: त्या पत्र्याला लावलेल्याच होत्या आणि त्या तशाच पत्र्याबरोबर गेल्या. खेपेतली सर्वांत मोठी चूक तीच असावी. ताईंनी सांगितल्याप्रमाणे काल बाबांसमोर वही ठेवली. ते काही बोलले नाहीत, पण त्यांनी बेरीज तपासली आणि ऑटोच्या ७०० रुपयांखाली रेघ ओढली.

आणखी एक शंका आहे. एका गावात स्प्रिंकलरचे जुने पाइप, पीव्हीसीचे तुकडे आणि ठिबकच्या नळ्यांची वेटोळी असा बराच माल पडून आहे. तो घ्यावा का?

काट्यावरची वीस वर्षे (हिंगणघाट)

घ्या, पण एकत्र करू नका. बादलीभर पाण्यात प्रत्येकाचा छोटा तुकडा टाकून पाहा. स्प्रिंकलरचा पाइप आणि ठिबकची नळी पाण्यावर तरंगते, पीव्हीसी बुडते. दोन्ही एकत्र वितळवता येत नाहीत. पीव्हीसी त्या उष्णतेत जळून सगळा माल खराब करते, म्हणून मिसळलेला ढीग कारखाना नाकारतो. न चिरलेले आणि कपलिंग शाबूत असलेले स्प्रिंकलरचे पाइप किलोवर न विकता नगावर विका, त्यांना रब्बीच्या तोंडावर गिऱ्हाईक मिळते. ठिबकच्या नळ्यांत माती आणि क्षार बसलेले असतात, त्यामुळे त्या झटकून, वाळवून मगच वजन करा, आणि घेतानाही तेवढी सूट धरून भाव सांगा. संच अनुदानावरचा असेल आणि अजून नवा दिसत असेल, तर तो का विकला जातो आहे, हे आधी विचारा.

कोरडवाहू कास्तकार (दारव्हा तालुका, यवतमाळ)

आज आमच्या गावच्या लोहारदादांकडे जाऊन आलो. पाट्यांना त्यांनी ४८ रुपये किलोचा भाव सांगितला आणि पुढच्या खेपेचे पाटे आधी मलाच दाखवा, असे बजावले. धावेबद्दल विचारले, तर शेजारच्या गावात एकाची बंडी धावेवाचून चार महिन्यांपासून उभी असल्याचे कळले. माझ्या दोन्ही धावा त्या व्यापाऱ्याकडे अजून आहेत का, हे पाहायला उद्या सकाळी तालुक्याला जात आहे.